तळ्याकाठची झाडी आणि पडके किल्ले : गोव्यातील सोप्या वाटा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण म्हापशाला राहता. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या असून त्यांचा उजवा गुडघा दुखतो आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. दमछाक न होता तळ्याकाठच्या झाडीतून चालता येईल आणि शेवटी एखादा पडका किल्ला पाहता येईल, अशा वाटा गोव्यात आहेत का, त्या कोणत्या महिन्यांत कराव्यात आणि मुलीला कंटाळा येऊ नये म्हणून तिला काय दाखवावे, हे आपण विचारले आहे. ज्येष्ठांच्या आणि शाळकरी मुलांच्या गटांना अशा वाटांवर नेण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे, त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

अशा वाटा आहेत, आणि पुष्कळ आहेत. परंतु त्या निवडताना सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यांचे चित्र आधी मनातून बाजूला ठेवावे लागते. राजगड किंवा सिंहगड पाहिलेली माणसे खोर्जुवे किंवा हळर्ण अशा गोव्यातल्या लहान किल्ल्यांवर येतात, पाच मिनिटांत तट फिरून होतो आणि ‘एवढेच का?’ असा प्रश्न पडतो. गोव्याचा किल्ला उंचीसाठी बांधलेला नाही, तो पाण्यासाठी बांधलेला आहे. नदीच्या मुखातून कोणते गलबत आत येते, खाडीचा उतार कोण ओलांडते आणि जहाजांना गोडे पाणी कोठे भरता येते, या तीन प्रश्नांनी त्याची जागा ठरवली. म्हणून किल्ल्यापाशी गाडी नेऊन उभी करण्यापेक्षा तळ्याच्या, नदीच्या किंवा खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीच्या, बांधाच्या कडेने चालत त्याच्याकडे जावे, म्हणजे तो तिथे का आहे हे आपोआप कळते. सुदैवाने पाण्याच्या कडेची वाट बहुधा सपाट असते, त्यामुळे आपल्या सासूबाईंसाठीही तीच योग्य ठरते.

पहिल्या फेरीसाठी माझी निवड निःसंशय मयेचे तळे आणि खोर्जुव्याचा किल्ला ही आहे. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून गाडीने फार दूर नाहीत आणि म्हापशाहून तर ती सोयीचीच आहेत. मयेचे तळे डिचोली तालुक्यात, टेकड्यांच्या कुशीत आहे. सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पोहोचलात तर नौकाविहारासाठी येणारी गर्दी सुरू होण्याआधी काठावरची झाडी आपल्याला निवांत मिळते. किंदळ, माट्टी, जांभूळ अशी पानझडी रानातली ओळखीची झाडे येथे आहेत, आणि तळ्याच्या शांत भागात पाण्यावर झुकलेल्या फांदीवर खंड्या बसलेला दिसण्याची शक्यता चांगली असते. या भागात लोहखनिजाच्या खाणी दीर्घकाळ चालल्या, त्यामुळे आजूबाजूच्या काही टेकड्यांचे रूप बदललेले दिसेल. मुलीला तेही दाखवावे, कारण पाण्याच्या भोवतीची झाडी टिकली तर पाण्याचे काय होते आणि गेली तर काय होते, हे येथे एकाच नजरेत समजते. तळ्याकाठी वेगाने चालण्याचे काहीच कारण नाही. पाऊण तास चालावे, दहा मिनिटे बसावे आणि त्याच वाटेने परत यावे. पूर्ण फेरी घालण्याचा हट्ट धरू नये, कारण गुडघ्याच्या दुखण्यात परतीचे अंतर आपल्या हातात असणे फार महत्त्वाचे असते.

मयेहून जवळच नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. कदंब राजांचे हे आराध्यदैवत. त्यांच्या नाण्यांवर आणि लेखांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. ते पाडले गेल्यानंतर देव नदी ओलांडून नार्व्याला आला आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवळाचा जीर्णोद्धार झाला. देवळाच्या परिसरात झाडी आणि सावली आहे, बसायला जागा आहे. नदी ही येथे राज्यांची सीमा होती, पलीकडे पोर्तुगीज आणि अलीकडे दुसरी सत्ता, ही गोष्ट नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहून फेरीबोट पाहताना मुलांना चटकन समजते. दुपारच्या किल्ल्याचा अर्थ लागायला ती समजूत लागणारच आहे.

खोर्जुव्याचा किल्ला 1705 मधला आहे. त्या काळी तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तीन महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, ज्यांना आपण जुन्या काबिजादी म्हणतो. डिचोली, पेडणे, सत्तरी या बाजूंना सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल किंवा दबदबा होता. बार्देशाच्या पूर्वेची ही हद्द सांभाळण्यासाठी नदीकाठाने ठाण्यांची जी साखळी उभी राहिली, तिच्यातला हा एक दुवा. किल्ला लहान आहे, तट बुटके आहेत, पण तटात ठेवलेल्या जंग्या, म्हणजे बंदुकीने मारा करण्यासाठीची भोके, आणि कोपऱ्यांवरचे बुरूज अजून शाबूत आहेत. उर्सुला इ लँकास्त्रे नावाची एक पोर्तुगीज स्त्री पुरुषवेशात सैन्यात शिरली आणि या किल्ल्यावर चाकरी करून गेली, अशी कथा सांगितली जाते. मुलींना ती फार आवडते असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

किल्ल्याच्या दारात गाडी जाते, पण तसे करू नका. हळदोण्याच्या बाजूला, नदीकाठच्या सेंट थॉमस चर्चपाशी गाडी ठेवा आणि तारांच्या आधाराने तोललेल्या पुलावरून चालत खोर्जुवे बेटावर जा. पुलावरून दोन्ही बाजूंना म्हापसा नदी, तिच्या काठची खारफुटी आणि तिच्यामागची खाजन शेते दिसतात. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पातळीला लागून असलेली, बांध घालून वाचवलेली शेतजमीन. बांधात जागोजागी मानस असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही, केवळ पाण्याच्या उंचीतला फरक. गावकऱ्यांनी शेकडो वर्षे सांभाळलेली ही व्यवस्था मला किल्ल्याइतकीच मोलाची वाटते, आणि हद्दीवर एवढी रक्तपाताची झटापट का झाली याचे एक उत्तरही तिच्यात आहे, कारण ही शेते म्हणजे भात, आणि भात म्हणजे महसूल. बांधावरून चालायचे असेल तर तेथे काम करणाऱ्या माणसाला आधी विचारावे. बांध खासगी किंवा कोमुनिदादीचे, म्हणजे गावकरी संस्थेचे, असतात, आणि कडेची ओली माती पावलाने ढासळली तर शेतात खारे पाणी शिरते.

किल्ल्यात शिरल्यावर सासूबाईंना तटावर चढण्याचा आग्रह करू नये. आतल्या सपाट अंगणात बसून सर्व रचना दिसते. एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते आणि येथेही सांगते: जांभा दगड, ज्याला आपण चिरा म्हणतो, तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, पण त्याच्या अंगातली छिद्रे कायम राहतात. जुन्या बांधकामावर चुन्याचा गिलावा असे तो याच कारणासाठी. गिलावा गेला की पावसाचे पाणी छिद्रांत मुरते, पिंपळ-उंबराचे रोप सांध्यात रुजते, मुळे जाड होत जातात आणि एखाद्या पावसाळ्यात चिऱ्यांची अख्खी रांग सुटून येते. बाहेरून भक्कम दिसणारी भिंत आतून पोकळ झालेली असू शकते. त्यामुळे मुळांनी वेढलेल्या भिंतीला टेकू नये, तिच्याखाली डबा उघडून बसू नये आणि छायाचित्रासाठी कोणत्याही तटाच्या कडेवर मुलांना उभे करू नये.

दुसरी वाट करमळीची. जुन्या गोव्याजवळचे हे तळे शेतीसाठी राखलेले आहे, त्याला जंगल नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणपक्ष्यांसाठी गोव्यात यासारखी सोपी जागा क्वचितच मिळेल. अडईचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि हिवाळी पाहुणे म्हणून येणारी तलवार बदके पाहायला साधी दुर्बीण पुरते. कोकण रेल्वे तळ्याला लागूनच जाते. तळे पाहून झाल्यावर जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचे अवशेष पाहावेत. ते किल्ल्याचे अवशेष नव्हेत, परंतु पडक्या वास्तूची भव्यता पाहायची असेल तर गोव्यात त्यांना तोड नाही. 1602 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा मनोरा 46 मीटर उंच होता. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छताची कमान कोसळली आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. येथली घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. करमळीची आणखी एक आठवण सांगितली पाहिजे: येथली ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात भाविकांनी सत्तरीत नेली, आणि तेथे वसलेल्या गावाला आजही ब्रह्मकरमळी म्हणतात. एखाद्या रविवारी ती मूर्ती अवश्य पाहून यावे.

दक्षिणेकडे मुक्कामाची तयारी असेल तर खोतीगावचे रान आणि काब द रामचा किल्ला ही जोडी उत्तम आहे. खोतीगाव अभयारण्य 1968 मध्ये घोषित झाले. प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रापासून आखलेल्या लहानमोठ्या पायवाटा निघतात. उंच सरळसोट झाडे, दाट सावली आणि पायाखाली मऊ पाचोळा असल्याने चढाची भीती असलेल्या माणसालाही रान कसे असते ते कळते. तेथील उंच मचाणावर मुलगी आनंदाने चढेल, सासूबाईंनी खालीच थांबावे. वन्यप्राणी दिसतीलच अशी आशा ठेवू नये. शेकरू आणि पक्षी मात्र सकाळी बहुधा भेटतात. जवळच चापोली धरणाचा जलाशय आहे, त्याच्या काठी संध्याकाळी थोडे चालता येते.

काब द राम किल्ला पोर्तुगीजांनी 1763 मध्ये सोंद्याच्या (आजच्या कर्नाटकातल्या) राजाकडून मिळवला. वनवासात रामाचे वास्तव्य येथे होते अशी लोकश्रद्धा आहे. कोरडा खंदक ओलांडून दरवाजातून आत गेले की सेंट अँथनीचे पांढरे चर्च दिसते, आणि त्यापुढे झाडझाडोऱ्यातून पश्चिमेच्या कड्याकडे वाटा फुटतात. एका काळी येथे तुरुंगही होता. गोव्यातील किल्ल्यांत ‘पडका किल्ला’ हे शब्द ज्याला सर्वांत शोभतात तो हाच, कारण येथे रानाने तट परत ताब्यात घेतल्यासारखे वाटते, आणि चालण्याचा आनंदही येथेच सर्वांत अधिक आहे. पश्चिमेचा कडा मात्र ठिसूळ जांभ्याचा आहे. कडेपासून निदान चार-पाच पावले आत राहावे आणि मुलीचा हात सोडू नये. माकडे धीट झालेली आहेत, खाण्याची पिशवी हातात लटकवून चालू नये.

पेडण्यातला हळर्णचा किल्ला शापोरा नदीच्या काठी आहे, आणि तो पाहण्याचे कारण त्याच्या आकारात नसून इतिहासात आहे. 1746 मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो भोसल्यांकडून जिंकला आणि या विजयाबद्दल त्याला मिळालेली सरदारकीची पदवी चक्क या गावाच्या नावाने होती. नदीकाठच्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्यात पिढ्यानपिढ्या चालले. तेरेखोलचा किल्लाही त्याच वर्षी पोर्तुगीजांकडे गेला. केरीहून फेरीबोटीने तेथे जाणे हाच मुलांसाठी मोठा आनंद आहे, आणि 1954 च्या सत्याग्रहात तेथे तिरंगा फडकला होता हे त्यांना जरूर सांगावे.

आग्वाद आणि शापोरा या किल्ल्यांविषयी थोडेच लिहिते, कारण तेथे गर्दी फार असते. शापोऱ्याची चढण लहान असली तरी सुट्या खड्यांची आहे आणि उतरताना गुडघ्यावर ताण येतो, म्हणून ती मी आपल्याला सुचवणार नाही. आग्वाद मात्र सकाळी किल्ला उघडताच पाहावा. 1612 मध्ये पूर्ण झालेल्या या किल्ल्याच्या पोटात सुमारे 23 लाख 76 हजार गॅलन पाणी मावणारे टाके आहे, आणि लांबच्या प्रवासावरची जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. किल्ला पाण्यासाठी असतो हे माझे म्हणणे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे कोठेही दिसत नाही. पायऱ्या टाळायच्या असतील तर रेईश मागूशच्या किल्ल्यापेक्षा आग्वादचा वरचा भाग बरा.

साळावलीच्या धरणापाशी किल्ला नाही, तरीही ते यादीतून गाळणे मला जमत नाही. पावसाळ्यात धरण भरले की अर्धवर्तुळाकार सांडव्यातून पाणी खोल विहिरीत उतरावे तसे कोसळते, आणि ते बागेतून, सुरक्षित अंतरावरून पाहता येते. या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. तेथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगडन् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले आहे. मे महिन्यात पाणी ओसरले की गावाच्या भिंतींचे पाये, वाटा आणि देवस्थानाची जागा उघडी पडते आणि विस्थापित कुर्डीकर आपल्या देवाच्या व चॅपेलच्या उत्सवासाठी तेथे जमतात. तेथे जाताना आपण कोणाच्या तरी अंगणात पाऊल ठेवीत आहोत हे ध्यानात ठेवावे, आणि मेच्या उन्हात सासूबाईंना तेथे नेऊ नये.

आता महिन्यांविषयी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मार्चपासून हवेतला दमटपणा असा वाढतो की दोन किलोमीटरची सपाट वाटही ज्येष्ठांना जड जाते. त्या दिवसांत सकाळी साडेनऊच्या आत चालणे संपवावे आणि पाण्याबरोबर मिठाचे काहीतरी, साधे कोकम सरबत किंवा पेज, पोटात जाईल असे पाहावे. जून ते सप्टेंबर या काळात जांभ्यावर शेवाळ चढते आणि ते दिसण्यापूर्वीच पाय घसरतो, म्हणून त्या दिवसांत किल्ले टाळून साळावलीसारख्या बांधीव वाटांवरच राहावे. पावसाचे पाणी साचलेल्या चिरेखाणींत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. त्यांचा तळ एकाएकी खोल जातो आणि काठ सरळ कापलेला असल्याने बाहेर येता येत नाही. दरवर्षी तरुण मुले अशी दगावतात. कुंभारजुवे कालव्यात आणि काही जलाशयांत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसण्याची सवय गोव्यात सर्वच ठिकाणी चालत नाही.

सत्तरीच्या रानाविषयी वेगळे सांगणे भाग आहे. नाणूसचा किल्ला, जेथून 1852 च्या 26 जानेवारीला दीपाजी राणे यांनी बंड उभारले, आणि चोर्ला घाटाच्या पायथ्याचे अंजुणे धरण ही दोन्ही ठिकाणे मला अतिशय प्रिय आहेत. परंतु 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर साधारणपणे जानेवारी ते मे असतो. त्या महिन्यांत तिकडच्या पाचोळ्यातून चालू नये. इतर वेळी गेलात तरी पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घालावेत, पायमोजे पँटवरून ओढावेत, घरी येताच अंगावर गोचीड आहे का ते पाहून गरम पाण्याने आंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

गुडघ्यासाठी एक काठी आणि पकड असलेले बूट पुरेत, नवे बूट त्याच दिवशी घालू नयेत. चालण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला जास्त त्रास देते, म्हणून वाट निवडताना चढ किती हे न विचारता उतार किती हे विचारावे. खोतीगावच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते, तेव्हा किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

मुलीसाठी दोन कामे सुचवते. निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातून किंवा फोनवरून त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा तिला वहीत लिहायला लावा, आणि खोर्जुव्याच्या पुलावरून पाणी कोणत्या दिशेला वाहते आहे ते तिलाच पाहू द्या. समुद्र कोठे आहे ते माहीत असताना नदी उलटी वाहताना दिसली की मुले थांबून प्रश्न विचारू लागतात. नंतर किल्ल्यात प्रत्येक जंगीतून डोळा लावून काय दिसते, नदी, रस्ता की नुसती झाडी, ते तिने एका साध्या आराखड्यावर मांडावे. तीनशे वर्षांपूर्वी बहुतेक ठिकाणी झाडी एवढी दाट ठेवलेली नसणार, कारण पहारेकऱ्याला समोरचे दिसले पाहिजे. कोणत्या जंगीसमोरची झाडे नंतर वाढली असतील हे तिने ओळखायचे. या कामाला तासभर सहज जातो, आणि तेवढा वेळ सासूबाईंना अंगणातल्या सावलीत विसावा मिळतो.